अत्यंत समाधानकारक

हॅलो?… हां आई, बोल… नाही, मीच लावणार होते. जेवणाची सुट्टी झालीय, जिन्यात उभी आहे… अगं, मोठ्यानं बोल, तुझ्या मागे ते मशीन केवढं घरघरतंय! हॉस्पिटलच्या लाँड्रीतच आहेस ना अजून? मग साहेबांच्या केबिनमध्ये जा, दार लाव… लावलंस?… हां.

आता सांग. माझा अहवाल कुणी पाठवला?

…'कुठला अहवाल' असं विचारू नकोस आई. सकाळी मला विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती विभागाचा मेल आलाय. 'आपला प्रशिक्षण-अहवाल मिळाला, धन्यवाद.' मी पाठवलेलाच नाही! माझा अजून अर्धा लिहून पडलाय… काय?… तू?

तू पाठवलास?

थांब, थांब. मला नीट समजू दे. पासवर्ड मी तुला दिला होता, तो शिष्यवृत्तीच्या जामिनाचा कागद चढवायला. तेवढ्यासाठीच. आणि तू त्यावरून माझा अहवाल भरलास. माझ्या नावानं… काय लिहिलंस?… वाच की. आता कशाला लाजतेस?… 'प्रशिक्षण अत्यंत समाधानकारक होते.' बरं… 'सर्व विषय शिकवले गेले.' आई!… 'राहण्याची सोय उत्तम.' अगं, खोलीची खिडकी लागत नाही म्हणून मी तिला बॅगेचा पट्टा बांधून ठेवलाय, तुलाच सांगितलं होतं ना?

नाही ओरडत… बरं, ओरडतेय. मग काय करू?

…माहीत आहे मला. अहवाल गेल्याशिवाय शेवटचा हप्ता सुटत नाही, माहीत आहे. 'प्रशिक्षण झालंच नाही' म्हटलं तर आधीचंही परत मागू शकतात, तेही माहीत आहे. जामिनावर सही तुझी आहे… हो गं, तुझ्या पगारातून कापतील… आई, ऐक ना… अगं ऐक! मला विचारायचं तरी होतंस!

…'सगळीकडे असंच असतं'? 'मीसुद्धा पहिलं वर्षभर नुसत्या चादरी मोजल्या'? अगं, तुला चादरी मोजायलाच ठेवलं होतं! तुझ्या कागदावर तसंच लिहिलं होतं. माझ्या कागदावर काय होतं? 'लहान मुलांच्या कानांचे साचे घेणे, श्रवणयंत्र बसवणे.' इथल्या क्लिनिकच्या मालकाची सही आहे खाली. आणि सहा महिने मी काय केलं? तळघरात बसून परत आलेल्या यंत्रांची खोकी फोडली आणि नवीन खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. एकदा, फक्त एकदा, वर बोलावलं. एका आजोबांच्या कानात बघायचं होतं, तेव्हा बॅटरी धरायला. एवढंच माझं श्रवणशास्त्र!

…हो, हो, येते! पाच मिनिटं!… तुला नाही गं, इथली बाई होती. गाडी आलीय म्हणे, खोकी उतरवायची आहेत. माझी सुट्टी अजून संपलेली नाही, पण तिला काय त्याचं!

…बोलले ना! दोनदा बोलले मालकाशी. पहिल्यांदा म्हणाला, 'पुढच्या महिन्यात बघू.' दुसऱ्यांदा म्हणाला, 'तुझे पैसे तुझं विद्यापीठ देतं, मला तू फुकट पडतेस, मग कुरकुर कसली?' हसत म्हणाला, आई. मी तिथेच उभी राहिले मूर्खासारखी, हातात टेप घेऊन… नाही सांगितलं तुला. काय सांगणार? तू तिथे सगळ्या लाँड्रीला सांगत फिरत होतीस, पोरगी परदेशात कानांची डॉक्टर व्हायला गेलीय म्हणून.

ते असू दे. आता ऐक. आज तिकडच्या पाच वाजेपर्यंत अहवाल मागे घेता येतो. मेलमध्ये लिहिलंय तसं. नंतर कुलूप. मी मघाशी उघडायला गेले तर पासवर्ड चुकीचा दाखवतोय… काय?

बदललास?

मी काही वेडंवाकडं करू नये म्हणून तू माझा पासवर्ड बदललास! वा! वा गं वा! मला एकटीला विमानात बसवताना भीती नाही वाटली तुला, आणि… नाही, तू ऐक! सहा महिने मी इथे तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला, आणि शेवटच्या आठवड्यात माझंच तोंड तू दाबतेस!

…रडू नकोस. आई, रडायचं नाही. रडलीस की मला बोलता येत नाही, आणि मला आज बोलायचंय.

…काय म्हणालीस? 'हात दाखवून अवलक्षण'? बरं. मग मी ही जागा का निवडली ते ऐक. यादीत अकरा जागा होत्या. मी प्रत्येकीचे जुने अहवाल वाचले. ही जागा मी घेतली, कारण माझ्या आधी इथे येऊन गेलेली ती चष्मेवाली आहे ना, तिनं लिहिलं होतं, 'प्रशिक्षण अत्यंत समाधानकारक.'… हो. हेच शब्द. तुला लिहायला नमुना कुठून मिळाला मग? तिथूनच उतरवलास ना?… बघ! काल मी तिला फोन केला. विचारलं, तू पण तळघरातच होतीस का गं? तर म्हणाली, 'शेवटचा हप्ता अडकला असता.'

तिच्या त्या एका ओळीवर विसंबून मी इथे आले, आई.

…दुसऱ्याच्या पोरीचं आपल्याला काय? कोण दुसरी पोर, माहीत आहे? पुढच्या वर्षी इथे कोण यायचं म्हणतेय? चिमणी… हो, तीच. आपल्याकडे वह्या न्यायला यायची ती. इतकं हळू बोलायची की तू म्हणाली होतीस, हिला भोंगा बांधा. परवा तिचा मेसेज आलाय, 'ताई, जागा कशी आहे? अर्ज भरू का?' त्या मालकासमोर ती काय बोलणार, सांग ना? मी एवढी तोंडाळ, माझी ही गत.

…आई?… आहेस ना?

…हो. मागतीलही परत. खोटं कशाला सांगू? पण मी रोजच्या कामाची नोंद ठेवलीय, तारखेनिशी. तळघराचे फोटो आहेत. ते सगळं जोडणार आहे. त्यांनी ऐकलं तर ठीक. नाहीच ऐकलं, तर मी आल्या आल्या काम धरीन, तुझ्या पगाराला हात लागू देणार नाही… माहीत आहे, असं म्हणणं सोपं असतं. घाबरलीय मीसुद्धा. पण खोटं माझ्या नावानं नको.

…काय? तूच मागे घेतेस? साहेबांचा कॉम्प्युटर चालू आहे? मग बस… हो, खुर्ची ओढ. उघडलंस?… उजव्या कोपऱ्यात, 'मागे घ्या'… नाही, 'मागे जा' नाही! 'मागे घ्या'!… दाबलंस?… काय विचारतोय?… 'कारण लिहा'?

लिही. 'हा अहवाल विद्यार्थिनीनं लिहिलेला नाही'… काय?… 'तिच्या आईनं लिहिला'? अगं, ते नको, तुझ्यावर येईल… बरं. बरं आई. तुझी मर्जी. लिही.

आणि त्याच्याखाली… थांब, सांगते. 'या जागी यापुढे विद्यार्थ्यांना पाठवू नये.'… हो, एवढंच. बाकीचं मी लिहीन… सुरुवातीला 'कृपया'? नको. कृपया कशाला? त्यानं कुठे म्हटलं मला कृपया?…

अगं, उद्धट नाही… आई, साडेचार वाजलेत तिकडे!… बरं बाई, टाक. टाक कृपया. आणि दाब आता.