डोळ्यांतलं तांबूस कडं

मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसाने सर्वस्व द्यावं, असं गिरगावच्या अच्युतरावांचं ठाम मत होतं; आजवर त्यांनी दुपारची झोप दिली होती. परळच्या एका इस्पितळात मूतखड्यासाठी नंबर लावून बसले असताना शेजारच्या दोन बायकांचं बोलणं त्यांच्या कानी पडलं.

“चंपे, पोराच्या लघवीतून रक्त जातंय, आणि डॉक्टर डोळ्यांत बॅटरी मारून बघतात?”

“तिथंच तर सापडलं, कमळाआक्का. बुबुळाभोवती तांबूस कडं. अंगात तांबं साठतंय म्हणाले, मूत्रपिंडं त्यानंच बिघडली.”

“आणि तू त्याला तांब्याच्या हंड्यातलं पाणी पाजत होतीस.”

“औषध म्हणून पाजत होते. पण मूळ दोष हंड्याचा नाही म्हणाले. आईबाप दोघांकडून आलाय.”

“नवरा तुझा आतेभाऊच ना गं?”

“त्यांनीही पहिलं तेच विचारलं. धाकटी धडधाकट दिसते, तरी तिलाही दाखवायला आण म्हणाले.”

“काय डोकं आहे बाई माणसाला. मग औषध?”

“विलायतेहून मागवलंय. वेळेत मिळालं तर पोर वाचेल. बोट परवाच लागली.”

“मग अडलंय कुठं?”

“माल उतरवणारे सगळे हरताळावर आहेत, मुंबईसाठी. त्यांचा मुकादम पोराचा बापच.”