दाएँ म्हटलं, डावं ऐकू आलं

जबाब देणार : शरदिनी वासुदेव आंबेकर, वय ५८ वर्षे, धंदा मोटार चालवायला शिकवणे, राहणार ब्रह्मा घाट, वाराणसी.
लिहून घेणार : हवालदार बिंदुमाधव शेंडे. तारीख १६ मे, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी नवऱ्यासह राहते. आमच्या गल्लीत मोटार येत नाही, म्हणून क्लासची गाडी मैदागिनच्या चौकात उभी असते. गाडीला माझ्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच आहे. बावीस वर्षांत माझ्या हाताखालून शिकून गेलेल्यांत या ठाण्यातलेही दोघे आहेत. त्यांची नावे सांगत नाही, कारण एकाला अजून गाडी नीट मागे घेता येत नाही.

जबाब मराठीत लिहावा हा आग्रह माझा. हवालदार शेंडे घरचे मराठी, म्हणून त्यांना जेवणावरून बोलावून आणले. हिंदी मला येत नाही असे नाही, जन्म याच शहरातला. पण घडली ती चूक मराठी कानाची आहे. हिंदीत लिहिली तर ती कुणाला कळायचीच नाही. तर्जुमा ठाण्याने आपला करून घ्यावा.

श्री. सुमंत भानू, वय ३४, बांधकामाचे ठेकेदार, राहणार नगवा, यांनी आज तक्रार दिली आहे की त्यांची पत्नी मालविका, वय २७, हिला मी फूस लावून पळवले. तक्रार मला वाचून दाखवली. चोराच्या उलट्या बोंबा, एवढेच माझे म्हणणे. हे वाक्य लिहायला हवालदारांनी आढेवेढे घेतले. मी लिहायला लावले.

मालविका ही मूळची मिरजेची. लग्न होऊन दीड वर्षापूर्वी इकडे आली. तिच्या सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते आणि श्री. भानूंना साइट सोडता येत नाही, म्हणून तिला गाडी शिकवा असे त्यांनीच मला येऊन सांगितले. दिनांक २२ एप्रिलला क्लास सुरू झाला. रोज सकाळी साडेसहाला नगव्याहून तिला घ्यायचे, लंका मोहल्ल्यावरून सामने घाटाचा पूल ओलांडून रामनगरला जायचे, तिथल्या चौकात उजवीकडून गोल फिरून त्याच पुलाने परत यायचे. पुलावर चाळीसची पाटी आहे. शिकणारा आणि मी, आम्ही चाळीसच्या वर जात नाही.

पहिल्या दिवशी श्री. भानूंनी दोन अटी घातल्या. एक, क्लास चालू असताना मालविकाचा फोन त्यांना लावून स्पीकरवर चालू राहील आणि डॅशबोर्डवर ठेवलेला असेल. दोन, ते स्वतः आपल्या गाडीने मागे येतील. मी म्हणाले, "अहो, शिकणाऱ्याच्या मागे कुणी आलं की त्याचे हातपाय गळतात." त्यांना मराठी कळते, बोलतात हिंदीत. म्हणाले, "काकू, सेफ्टी के लिए." त्यांची गाडी काळी, उंच, पुढे लोखंडी गार्ड लावलेली. आमच्या मागच्या काचेत तिच्याशिवाय काही दिसत नसे.

मागे लागणाऱ्या गाड्या मला नवीन नाहीत. या शहरात चाळीसने चालणाऱ्याला लोक गुन्हेगार समजतात. हॉर्न वाजवतात, दिवे मारतात, शिव्या देऊन पुढे जातात. त्यावर माझा उपाय ठरलेला आहे. घाबरायचे नाही, वेग वाढवायचा नाही, डावीकडे सरून रस्ता द्यायचा. मागचा निघून जातो. तिसऱ्या दिवशी पुलावर श्री. भानूंची गाडी दोन हातांवर आली, तेव्हा मी मालविकाला हेच करायला लावले. ती डावीकडे सरली, मी खिडकीतून हात काढून पुढे जा म्हणून खूण केली. त्यांनी वेग कमी केला आणि मागेच राहिले. आम्ही तीसवर आलो, ते तीसवर आले. आम्ही वीसवर आलो, ते वीसवर आले. बाकीचे पुढे जाण्यासाठी मागे लागतात. या माणसाला पुढे जायचेच नव्हते.

त्या पुलावर थांबायला जागा नाही. ब्रेक दाबला तर ते आमच्यात घुसणार, वेग वाढवावा तर पाटी आहे आणि पोरगी नवशिकी. चोवीस दिवस, रोज सकाळी दोनदा, त्या पुलावर मी अशी बसले आहे. मला जीव नकोसा व्हायचा. मी तर घरी जाऊन दार लावून घ्यायची. ती त्याच काळ्या गाडीत बसून घरी जायची.

फोनबद्दल विचारले म्हणून सांगते. फोनमुळे आमच्यात क्लासखेरीज बोलणे झाले नाही. एकदा मी तिला विचारले, "पाणी पितेस का ग?" तर फोनमधून उत्तर आले, "उसको नहीं चाहिए." मी बाटली तिच्या हातात दिली. तिने ती मांडीवर धरून ठेवली, प्यायली नाही. मला इतका राग आला की मी माझ्या बाजूचा ब्रेक उगाच दाबला.

दिनांक ३ मे रोजी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी त्यांच्या गार्डचा धक्का आमच्या बंपरला बसला. मालविकाने स्टिअरिंग सोडले नाही, पण ओठ इतका चावला की रक्त आले. रामनगरला मी उतरून त्यांच्या खिडकीशी गेले आणि म्हणाले, "अंतर ठेवा. पुढं जायचं असेल तर खुशाल जा." ते हसून म्हणाले, "मुझे कहीं नहीं जाना है, काकू. मैं तो बस साथ चल रहा हूँ." याची तक्रार तेव्हा का दिली नाही असे विचारले. दिली होती, तोंडी, याच ठाण्यात. घरचा मामला आहे असे उत्तर मिळाले. उत्तर कुणी दिले ते मी सांगत नाही, ते समोर बसले आहेत.

मालविकाने मला एकच प्रश्न असा विचारला जो क्लासचा होता की नव्हता हे मला आजही सांगता येणार नाही. ती म्हणाली, "मावशी, मागचा असाच कायम राहिला तर काय करायचं?" मी म्हणाले, "चाळीस सोडायचं नाही. आरशात बघत बसायचं नाही. नाकासमोर बघायचं." फोनमधून विचारणा झाली, "क्या सिखा रही हैं?" मी म्हणाले, "गाडी."

आता चुकीबद्दल. हिंदीत दाएँ म्हणजे उजवे आणि बाएँ म्हणजे डावे. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या माणसाला दाएँ म्हटले की डावे ऐकू येते. इकडे सून म्हणून आलेल्या बायका पहिले वर्षभर रिक्षावाल्याला भलत्या गल्लीत नेतात. माझ्या सासूबाई चाळीस वर्षे इथे राहून शेवटपर्यंत चुकायच्या. मी मात्र शिकवते हिंदीतच, कारण परीक्षा घेणारे साहेब हिंदीत बोलतात. पहिल्या दिवशी मी दाएँ म्हणाले आणि मालविका डावीकडे वळून एका पेरूच्या हातगाडीसमोर जाऊन उभी राहिली. आम्ही दोघी हसलो. ती हसलेली मी तेव्हाच पाहिली. संध्याकाळी घरी तिला त्या हसण्याचा जाब विचारला गेला, असे दुसऱ्या दिवशीच्या तिच्या चेहऱ्यावरून मला वाटले. हे माझे वाटणे आहे, पुरावा नाही.

त्यानंतर ती दाएँला चुकली नाही, हे श्री. भानूंचे म्हणणे खरे आहे. दिनांक १४ ला तिने परीक्षा दिली आणि पास झाली. तरी मी आणखी दोन दिवस सराव का मागितला, असे विचारले. हात बसावा म्हणून. पास झालेले सगळे शहाणे असते तर मला हे केस पिकवून घ्यावे लागले नसते.

आजची हकिकत अशी. नेहमीप्रमाणे साडेसहाला मी तिला घेतले. तिच्याजवळ रोजचीच पर्स होती. पर्स जाड होती का, असे विचारले. मी पर्सा मापत नाही. सात वाजता आम्ही पुलावर होतो, काटा चाळीसच्या खाली, काळी गाडी मागे. सात वाजून आठ मिनिटांनी रामनगरचा चौक आला. या चौकात श्री. भानूंची एक सवय आहे. मी दाएँ म्हणाले की ते फोनवर ऐकतात, आमच्या उजव्या अंगाने पुढे काढून आमच्या आधी गोल फिरतात आणि पुलाच्या तोंडाशी आमची वाट बघत उभे राहतात. सबंध फेऱ्यात एवढ्या एकाच जागी ते आमच्या मागे नसतात.

मी मोठ्याने म्हणाले, "दाएँ." मालविकाने उजवा दिवा लावला. श्री. भानू उजवीकडून पुढे गेले. मालविका डावीकडे वळली. डावीकडचा रस्ता मुगलसरायला जातो. त्यांच्या मागे वाळूचे तीन ट्रक लागलेले असल्याने त्यांना मागे येता आले नाही. मी दाएँ म्हणाले हे त्यांच्या तक्रारीतही आहे. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. मग फूस कशी लावली, ते त्यांनी सांगावे.

माझ्याकडे ब्रेक होता, मग गाडी का थांबवली नाही, असे विचारले. तो ब्रेक धोक्यासाठी आहे. त्या रस्त्यावर चोवीस दिवसांत पहिल्यांदाच धोका नव्हता. परत का फिरवली नाही, असेही विचारले. नवशिक्याला भर रस्त्यात उलट फिरवणे नियमात बसत नाही.

पुढचा सर्व वेळ फोन चालू होता. "किधर हो? किधर गई?" असे ते ओरडत होते. प्रश्न तिला होता, मी उत्तर दिले नाही. तिनेही दिले नाही. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर तिने आरशात पाहिले. मागे रिकामा रस्ता आणि एक सायकलवाला होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, पण तिने ते पुसायला हात सोडला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी क्लासमध्ये असे फार थोड्यांना शिकवू शकले आहे.

सात वाजून पस्तीस मिनिटांनी तिने गाडी मुगलसराय स्टेशनबाहेर, रिक्षांची वाट सोडून, डाव्या कडेला लावली. न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, दार उघडण्याआधी मागे पाहिले. मला वाकून नमस्कार केला. फोन चालू असल्यामुळे बोलली नाही. मीही बोलले नाही, नुसता डोक्यावर हात ठेवला. ती स्टेशनात गेली. फोन डॅशबोर्डवरच राहिला. मी त्यात म्हणाले, "आजचा क्लास संपला," आणि बंद केला. तो फोन मी ठाण्यात जमा केला आहे.

फोनवरच्या नकाशाचा माग काढत श्री. भानू आठ वाजून पाच मिनिटांनी तिथे आले. त्यांनी मला काय काय म्हटले ते माझ्या तोंडून लिहून घेऊ नये. क्लासचे लायसन रद्द करवीन, गाडी उचलवीन, असेही म्हणाले. त्यांच्या ओळखी आहेत, ते करू शकतील. मला भीती वाटते आहे, तेही लिहा. या वयात दुसरे काही येत नाही मला.

ती कोणत्या गाडीने गेली हे मला माहीत नाही. मी फलाटावर गेले नाही. तिने आधी मला काही सांगितले होते का, असे तीनदा विचारले. चोवीस दिवस फोन चालू होता. आमच्यात जे काही बोलणे झाले ते सर्व श्री. भानूंनी ऐकलेले आहे. त्यांनाच विचारावे. ती सज्ञान आहे. ती जिथे असेल तिथून तुम्हाला कळवायचे की नाही, ते ती ठरवील.

हा मजकूर हवालदार शेंडे यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. श्री. भानू दारात उभे राहून ऐकत होते. वाचताना एके ठिकाणी "मालविका ही स्टेशनातून पळून गेली" असे आले. हे मी सांगितलेले नाही. हवालदार म्हणाले, "मावशी, तक्रारीत तसंच आहे, एका शब्दाने काय बिघडतंय?" मी म्हणाले, "तक्रार त्यांची, जबाब माझा." त्यातला "पळून" हा शब्द खोडून नुसते "गेली" ठेवले आहे आणि खाडाखोडीवर माझी सही घेतली आहे. नगव्यापासून स्टेशनापर्यंत गाडी एकदाही चाळीसच्या वर गेलेली नाही. बाकी मी बोलले तसेच उतरले आहे.

सही : शरदिनी वासुदेव आंबेकर