न बोललेली मंजुरी

मी, वय ३६, विद्यापीठाच्या संगणक विभागात नोकरीस, राहणार विद्यापीठामागील कर्मचारी वसाहत, समक्ष विचारल्यावरून सांगते की, विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीच्या अर्जांचे सॉफ्टवेअर मीच तयार केले आहे. त्यामुळे मुले मला रजाताई म्हणतात.

पूर्वी प्रत्येक अर्जावर विभागप्रमुखांची सही लागे. सर जागेवर सापडणे म्हणजे देव भेटणे. बुडालेल्या तासाची रजा मागायला मुले त्यांच्या दारात उभी राहत आणि त्यात पुढचा तास बुडे.

सॉफ्टवेअरच्या बैठकीत सर वैतागून म्हणाले, "दर अर्जाला मला छळू नका. तीन दिवसांत काही बोललो नाही, तर हो समजा." सगळे हसले. मी तोच नियम घातला आणि चाचणीच्या दिवशी सरांना दाखवला. ते फोनवर बोलत होते, त्यांनी मान हलवली.

शेवटच्या वर्षाच्या एका मुलीने वडिलांच्या ऑपरेशनसाठी रजा मागितली. सर गप्प राहिले, रजा मंजूर झाली, परीक्षेला लागणारी हजेरी भरली. काल परीक्षेच्या यादीत तिचे नाव पाहून सरांनी पोलिसांत तक्रार दिली की, मी त्यांच्या नावाने खोटी मंजुरी दिली, सबब तिला परीक्षेला बसू देऊ नये. नोकरी जाण्याची भीती मला होतीच. पण तिचे वर्ष वाया जाईल, ही जास्त होती.

आज सकाळी पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी आम्हाला समोरासमोर बसवले. ते वाक्य तुमचेच का, असे सरांना विचारले.

सर म्हणाले, "बोललो असेन, पण गमतीत."

"मग आजवरच्या सगळ्याच मंजुऱ्या खोट्या धरू का?" साहेबांनी विचारले.

सरांचा सख्खा पुतण्या त्याच विभागात शिकतो आणि वर्गात क्वचितच दिसतो. त्याच्या सगळ्या रजा याच नियमाने मंजूर आहेत, हे मी शांतपणे सांगितले. सरांनी समोरचा चहा तसाच ठेवून तक्रार मागे घेतली. तेव्हा पेपर सुरू व्हायला थोडाच अवकाश होता. मी मुलीला कळवले, धावत सूट.

तक्रार मिटली तरी माझे म्हणणे कागदावर यावे, असा हट्ट मीच धरला. हे लिहिणे चालू असताना मुलीचा फोन आला. लिहून घेणाऱ्या हवालदारांनी तो घेऊ दिला. ती म्हणाली, "ताई, पेपर मस्त गेला." मला फार आनंद झाला.

जबाब वाचून दाखवला तेव्हा हे शेवटचे वाक्य त्यात नव्हते. आनंद ही तपासाची बाब नाही, असे हवालदारांचे म्हणणे पडले. मी ते घालायला लावले. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे पूर्ण व बरोबर आहे.