भाता बघ रे जरा

—अहो, आडवी नका ठेवू ताई, अकॉर्डियन उभी ठेवायची असते. खाली चार पाय दिलेत तिला, ते कशाला दिलेत? आडवी ठेवली की आतली चामड्याची झाकणं लोंबतात आणि सूर घोगरा येतो — असू दे, असू दे, सगळेच ठेवतात, तुमचा काय दोष. द्या इकडे. काय म्हणालात, पट्ट्या हलक्या आहेत? फारच हलक्या? नुसतं बोट टेकलं तरी वाजतात, शाळेत मुलांपुढे भलताच सूर लागतो आणि वर्ग खिदळतो — हो, होणारच. मी न उघडताच सांगतो, उजव्या हाताच्या सगळ्या स्प्रिंगा सैल केलेल्या आहेत हिच्या. कोणी केल्या? मी केल्या. दचकताय काय, बसा. ते स्टूल नको, त्याचा पाय हलतो — लोकांच्या वस्तू दुरुस्त करणाऱ्याचं स्टूल डुगडुगतंय, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. खुर्चीवर बसा. ते चिमटे सरकवा खुशाल.

ही पट्टी बघा, मधली. बाकीच्या पांढऱ्या आणि ही एकटी पिवळी. ही मी बसवली. मूळची तुटली, तशी कुठे मिळेना, म्हणून आमच्या हिचा जुना कंगवा कापला, घासला, चिकटवला. कंगव्यावरून महिनाभर अबोला होता घरात. सांगायचं काय, की हिला मी डोळे मिटून ओळखीन. ही शिट्टीची. शिट्टी म्हणजे — नाव नाही हो, आम्ही म्हणतो तसं, शाळेत वर्गात शिट्टी तो वाजवायचा आणि छड्या मी खायचो. पन्नास वर्षांची दोस्ती. तुम्ही त्याच्याकडूनच — त्यानं स्वतः विकली? घरी बोलावून? हं. बरं. नाही, मला काय व्हायचंय. सांगाल हो, सगळं सांगाल, आधी माझं ऐका, काम काय आहे ते नीट समजून घ्या.

तुम्हीही रेडिओवर ऐकूनच आलात ना माझ्याकडे? नाही? अहो, लाजू नका, सगळे तसेच येतात. आपल्या शहराच्या रेडिओचा तो पॉडकास्ट — गावातल्या गाण्याबजावण्याबद्दल, आठ भागांचा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांवर नाही, मागच्या माणसांवर. एक पोस्टरं छापणारा, एक हॉलची तिकिटं फाडणारी बाई, पियानो जिन्यावरून चढवणारे दोघे भाऊ, आणि पाचव्या भागात मी. आयुष्यात मला कुणी विचारलं नव्हतं हो, की बाबा रे, तू करतोस काय. लोक येतात, वस्तू ठेवतात, कधी मिळेल विचारतात आणि जातात. आणि ही रेडिओची पोरगी आली, इथेच बसली, तुमच्याच खुर्चीत, आणि मेण कशासाठी, राळ कशासाठी, पितळेची पाती घासता ती किती घासता — असं विचारायला लागली, की मला वाटलं, अरेच्चा, आपण कुणीतरी आहोत की काय. माणूस हुरळतो. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या मागे.

आता ह्या लोकांची एक पद्धत असते. मुलाखतीच्या आधी आवाज तपासायचा. माइक समोर धरला, त्याला लोकरीची टोपी घातलेली, आणि म्हणाली, काका, काहीही बोला, सकाळपासून काय काय केलंत ते सांगा, हे घ्यायचं नाहीये, आवाज किती वर जातो तेवढं बघायचंय. आणि मी सांगितलं. सकाळपासून काय केलं ते सांगितलं. म्हटलं, सकाळपासून आमच्या शिट्टीच्या पट्ट्या हलक्या करत होतो. म्हटलं, त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आता ऐकत नाहीत, दाबायला जोर पुरत नाही, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी मी स्प्रिंगा थोड्या वाकवतो, थोड्या अजून, बोटांचा जोर उतरतो तसतशी पट्टी उतरवतो. अकरा वर्षं चाललंय, म्हटलं, आणि दर शनिवारी तो नाचाला वाजवतो त्या अख्ख्या हॉलमध्ये कुणाला पत्ता नाही. हसलो पण वर. ती म्हणाली, झालं, आवाज छान आहे. मग खरी मुलाखत सुरू झाली आणि त्यात मी आपला मेण, राळ, पितळ, चामडं — शाळेत धडा म्हणून दाखवतात तसा.

भागाची सुरुवात कशानं केली असेल त्यांनी? बरोबर. त्यानंच.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, प्रेमानंच बोललात. सगळे तेच म्हणाले. थांबा ना ताई, कळतंय मला की तुम्हाला काहीतरी सांगायचंय, मी काही पळून जात नाही. हे बघा — ही जाळी काढली. आत वाका जरा. लाकडावर पेन्सिलनं लिहिलंय, दिसतंय? आमच्या धंद्यात रीत आहे, वस्तू उघडली की आत तारीख आणि काम लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्या कारागिराला कळतं. वाचा. वाचा, चष्मा लावा. प्रत्येक तारखेपुढे काय लिहिलंय? भाता. भाता. भाता. अकरा वर्षं भाता. आणि भात्याला हात तरी लावला असेल का मी? एकदाही नाही. हा भाता ओढून बघा, टाचणीएवढं भोक नाही. शिट्टी यायचा, हिला इथे ठेवायचा आणि म्हणायचा, भाता बघ रे जरा, हवा गळतेय. मी म्हणायचो, हो, गळतेय खरी, ठेवून जा. पहिल्या वेळी मला खरंच भाता वाटला. तपासला, तर ठणठणीत. मग मी त्याला वाजवायला सांगितलं आणि त्याचा हात बघितला. तो गेल्यावर स्प्रिंगा सैल केल्या. दोन दिवसांनी आला, इथे उभ्या-उभ्या एक तुकडा वाजवला, माझ्याकडे न बघता म्हणाला, आता गळत नाही. झालं. तेव्हापासून हीच आमची भाषा. त्यानं म्हणायचं गळतेय, मी म्हणायचं बघतो. त्याला वाटत होतं मला कळलेलं नाही, का मला वाटत होतं त्याला कळलेलं नाही — ते देव जाणे. विचारलं कोणी? विचारायचं नाही, हाच तर सगळा मामला होता.

तो भाग लागल्यावर पुढच्या शनिवारी हॉल भरला. दुपारचा नाच असतो ना तिथे, म्हाताऱ्याकोताऱ्यांचा, पन्नास-साठ डोकी असतात, त्या दिवशी दोनशे. तरुण मुलं, हातात फोन. मी मागे उभा होतो. आणि पहिल्या रांगेत कुणी नाचत नाही ताई — सगळे बघतायत. काय बघतायत? त्याचा उजवा हात. ती दोन बोटं. एक बाई तर दुसरीला बोटानं दाखवत होती. आणि त्याचं चुकलं, साधंच, एक सूर हुकला, अकरा वर्षांत शंभरदा हुकला असेल, कुणाला कळायचा नाही — आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चुकल्यावर टाळ्या! कौतुकानं, डोळ्यांत पाणी आणून. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. शिट्टीनं तुकडा पुरा केला. तेवढा त्यानं केला. मग भाता मिटला, पट्टा लावला, शांतपणे, एक बटण, दोन बटणं, आणि मागच्या दारानं गेला. माझ्या शेजारून गेला. कोटाची बाही लागली मला त्याच्या. बघितलं नाही.

दीड वर्ष झालं. हॉलवर गेला नाही, इथे आला नाही. मी तीनदा घरी गेलो. वहिनी दार उघडतात, अर्धंच, म्हणतात, झोपलेत. भर सकाळी अकराला! शिट्टी आणि अकराला झोपतो? आमची ही तर मला तोंडावरच म्हणाली, तुमच्या जिभेला हाड नाही. मी काय म्हणालो? सगळ्यांना जे सांगतो तेच — अगं, मला काय माहीत ते घेणार म्हणून, ती म्हणाली होती आवाज तपासतेय, फसवलं मला. वहिनींनाही दाराच्या फटीतून हेच सांगितलं. तुम्हालाही हेच सांगणार होतो, सांगितलंच की मघाशी. आणि ते खोटं नाही. तिनं म्हटलं होतं खरंच, की घ्यायचं नाहीये.

पण फोन आला होता.

आता तुम्ही ओळखीच्या ना पाळखीच्या, तुम्हाला का सांगतोय कोण जाणे. ह्या अकॉर्डियनकडे बघवत नाही म्हणून असेल. भाग लागायच्या चार दिवस आधी त्या पोरीचा फोन आला. म्हणाली, काका, आवाज तपासताना बोललात ते सगळ्यात छान आलंय, सुरुवातीला घेऊ का? तुम्ही नाही म्हणालात तर काढते. आणि मला फोनवर ऐकवलं. माझाच आवाज — मी कधी ऐकला नव्हता असा, जवळून, खर्जात, आणि मागे स्प्रिंग वाकवल्याचा बारीक आवाज. काय सुंदर वाटत होतं ताई. कुणीतरी जाणता माणूस बोलतोय असं वाटत होतं. मी म्हटलं, ठेवा. एवढंच. विचारही केला नाही — नाही, केला. शिट्टीचा चेहरा आला डोळ्यांपुढे, आणि तरी म्हटलं, ठेवा. ती बिचारी अजून सणासुदीला मेसेज पाठवते. तिच्या नावानं मी गावभर खडे फोडतोय.

आणि अजून एक. ह्या शेवटच्या तारखेची गंमत. इथे बघा, ह्या झाकणाखाली. स्प्रिंग ह्याच्यापेक्षा सैल करता येत नाही. अजून केली तर झाकण बसणारच नाही, सूर आपोआप रडत राहील. त्या सकाळी मला कळलं होतं, की हे शेवटचं. तीन-चार महिन्यांनी तो येणार, भाता बघ म्हणणार, आणि मला त्याच्या तोंडावर सांगावं लागणार, शिट्टी, आता भात्याचं काही करता येत नाही रे. ते माझ्यानं झालं नसतं. त्याच्याशी बोलायची हिंमत नव्हती, ते त्या लोकरीच्या टोपीशी बोललो. आता बोला. काय म्हणाल अशा माणसाला?

तर काम असं आहे. स्प्रिंगा कडक करायच्या म्हणजे सगळ्या पट्ट्या उपसायच्या, एकेक परत वाकवायची, दोन दिवसांचं काम, अवघड काही नाही. पण एकदा कडक केल्या की त्याच्या हातानं ही वाजणार नाही. कधीच. कळतंय का? ह्या सैल स्प्रिंगा आहेत तोवर — कुणी सांगावं, एखाद दिवशी येईल, डोकं शांत होईल, माणूस किती दिवस रागावणार. त्या कपाटावरची बघा, तिकडे, लाल. हिच्यापेक्षा चांगली आहे, पट्ट्या टणक, मुलांना आवडेल रंग. ती घेऊन जा. ही इथे राहू द्या. बदल्यात, वर काही नको मला. का? अहो, का नको? ह्या वस्तूत काय सोनं लागलंय तुमच्यासाठी? शाळेनं ही घेतलीय, कागदावर हीच आहे — कागदाचं काय घेऊन बसलात, मी येतो शाळेत, मी सांगतो तुमच्या मुख्याध्यापकांना —

बोला. बरं, बोला, मघापासून बोलायचंय तुम्हाला, मीच बोलू देत नाही. हीच तर खोड माझी.

त्यानंच पाठवलं तुम्हाला? माझ्याकडे? रेडिओ नाही, त्यानं पत्ता दिला? चिठ्ठीवर लिहून? कुठे आहे, दाखवा. हो. त्याचंच अक्षर. म्हणजे नाव घेतलं त्यानं माझं! काय म्हणाला, नीट सांगा, त्याचेच शब्द सांगा, गाळू नका काही. पट्ट्या हलक्या आहेत, तुम्हाला चालणार नाहीत, त्याच्याकडे न्या, तो कडक करून देईल. कडक करून देईल म्हणाला? स्वतः म्हणाला. हं. आणि? अजून काहीतरी म्हणाला असेल की. आठवा.

परत सांगा.

'भाता बघायची गरज नाही म्हणावं. कधीच नव्हती.'

कसं म्हणाला? हसत म्हणाला का? असं थोडं — नाही? नाही हसला. नुसतं सांगितलं आणि दार लावून घेतलं.

बरं.

शनिवारी या. नको, शनिवारी नको, शुक्रवारी या, तयार असेल. कडक करून ठेवतो. नाही, ती लाल राहू द्या, ती विकायची नाही. उठा आता, मला काम करू द्या. आणि जाताना दार ओढून घ्या.