माह्या घरातलं मुकं वरीस

माहं माहेर सरहद्दीवरचं, कपाशी-जवारीचं गाव, अन् लग्न होऊन आली इथं तेलंगणात, गुडीहत्नूरच्या अंगाले, भाजीपाल्याच्या मळ्यात. माहे मालक मंचेरियलले कोळशाच्या ट्रकवर, पंधरा दिसाले एकदा यायचे. सासू-सासरे नाईत, घरात मी अन् माही पोरगी सोनी, बस.

काय सांगू तुमाले, अडीच वरसाची झाली तरी आई म्हनून हाक नाई. बायांनी बोल फुटाले राघूनं उष्टावलेला पेरू चारायले सांगतला, तोबी चारला. त्याच साली आदिलाबादचे चार जिल्हे झाले, मालक एका जिल्ह्यात अन् आमी दुसऱ्या. दीर आला तो म्हने वहिनी, आता सारं तेलगूतच चालन, तुमी मराठी बोलता, अंगनवाडीत तेलगू, पोरगी गोंधळून राह्यली, घरातबी तेलगूच बोला. मले पटलं.

पन मले तेलगू येते किती, बाजारापुरती. ये, खा, नको, याच्यापुढं माही गाडी जाये नाई. मंग मी गप्पच. वांगे तोडू तं गप, भाकर थापू तं गप, अंगाईबी म्हनली नाई, ते मराठी होती ना. सालभर असं. लईच जीव घाबरला का गोठ्यात जाऊन म्हशीसंगं मराठी बोलो, पोरीसंगं नाई. असं येड्यावानी केलं मी.

मंग निर्मलले एका डॉक्टरीनबाईनं सोनीचे कान तपासले, म्हने कान बेस हायेत, घरात काय बोलता? मी सारं सांगतलं. थे म्हने अवो, दोन भाषेनं लेकरू मुकं नाई होत. तुमाले जे मनातून येते ते बोला, काम करता करता बोला, पोरगी बोट दाखवीन त्याचं नाव सांगा, अन् मंग थांबा, तिले येळ द्या. मी तथीच रडली.

तवापासून तोंड मिटलंच नाई. हे वांगं, काटा लागन, हे सांबाराची, कोथिंबिरीची जुडी, आता बांधू, सूत दे. अन् मंग मी थांबो. महिनेच्या महिने काई नाई. एक दिवस सोनीनं सूत पुढं केलं अन् म्हने, घे.

आता शाळेत जाते, मराठी-तेलगू दोनी बोलते, अडखळते जराशी. मालक अजून तिकडंच. लोक म्हनतात झालं ना बरं, मंग तू काऊन रडतं? ते वरीसभर माह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती पोरगी, अन् मी तोंड फिरवो. सोनीले त्यातलं काईच आठवत नाई. देवा, आठवूबी देऊ नको. मले आठवते तेवढं पुरे हाय.