धवला एकटीनं होत नाय

ये गो मंजू, ये, उंबऱ्यात काय उभी राहिलीस पाव्हनीसारखी? हितं जवळ ये. पाठीमागं नको, आधी समोर बस, तोंड बघू दे तुझं. किती दिसांनी आलीस? गनपती गेले, दिवाळी गेली, आनि तुझा आपला नुसता फोन, आजी येते, आजी येते. फोनमधनं कोन येतं काय कधी? आनि वाळलीस किती, हापिसात डबा खातेस का तसाच परत नेतेस? ते मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू कर हवं तर, पन त्याच्याकडं बघत बसू नको, माझ्याकडं बघ. पयल्यापासून सांग बोलतेस ना, मग पयल्यापासूनच सांगते, मधे घाई करायची नाय.

मी खाडीकडची. बाप मिठागरावर कामाला, आय डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायची. मिठानं पायाला अशा भेगा पडायच्या, की रातच्याला आय खोबरेल लावायला बसली की आमी पोरं दुसरीकडं बघायचो. माझी आजी, आयची आय, ती धवलारीन. आता तुना ठाव हाय, पन तू हे लिवशील ते वाचनाऱ्याला ठाव नसंल म्हनून सांगते. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो, मंगलाष्टका होतात, ते सगळं बरोबर, पन मांडव घालायचा, तेल चढवायचं, हळद लावायची, देवांना आवतन द्यायचं, हे सगळं गान्यानं होतं. त्या गान्याला धवला बोलतात आनि गानारनीला धवलारीन. आजी निघाली की मी तिच्या लुगड्याला धरून निघायची. शाळेत मी जेमतेम दुसरीपर्यंत, पन मांडवात मी रोज.

आता ऐक, हे मेन हाय. धवला एकटीनं होत नाय. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं झेलायची. तीच ओळ, त्याच चालीत, तिनं झेलली की मगच पयली पुढची ओळ टाकनार. झेलली नाय तर ओळ पडली. आनि पडल्या ओळीवर पुढं जायचं नाय. आजी बोलायची, ज्याच्या नावाची ओळ पडली तो देव मांडवाच्या बाहेर उभा राहतो बाय, त्याला आत कोन घेनार?

मग माझं लगीन झालं, मी हितं, ह्या कोन गावात आली. तवा हितं सगळी भातशेती, आता तुना गाड्यांशिवाय काय दिसनार नाय. दोन वर्सांनी धाकट्या दिराचं लगीन झालं नि घरात हिरा आली, माझी जाऊ. काय सांगू तुना, अशी भांडकुदळ बाई मी जल्मात बघितली नाय, आनि ती पन सगळ्यांना हेच सांगायची माझ्याबद्दल. एकदा सुक्या जवळ्यावरनं आमी आठ दिस बोललो नाय. ती बोलते माझ्या डब्यातला घेतलास, मी बोलते तुझा डबा मी बघितलाच नाय, सासू बोलते तो जवळा मीच खाल्ला, आता गप बसा दोघी. तरी आमी बोललो नाय! पन त्याच हप्त्यात शेजारी हळद निघाली. मी पाटावर बसली, ओळ टाकली, नि पाठीमागनं हिरानं झेलली, जसं काय झालंच नाय. तिचा गुडघा माझ्या पाठीला लागलेला असायचा. मी पुढचं विसरली की ती गुडघ्यानं टोचायची, असं, हळूच, नि कानात सांगायची, सोयऱ्याचं नाव राहिलं गो. लोकांना वाटायचं मी किती हुशार. सगळी अक्कल माझ्या पाठीत होती.

त्या गावाला, ह्या गावाला, पनवेलच्या बाजारापासनं पार कर्नाळ्याच्या पायथ्यापर्यंत आमाला बोलावनं यायचं. घरी परत येताना पुन्हा भांडायचो.

मग जमिनी गेल्या, पैसा आला, बंगले आले, लगीन लॉनवर गेलं, हळदीला डीजे आला. मी डीजेला नावं ठेवत नाय. पोरं नाचतात, नाचू दे, नाचायचं वय हाय. पन आमाला बोलवायचे नि बोलायचे, आजी दोन ओळी म्हना, फोटोपुरतं. हिरा चिडायची. बोलायची, दोन ओळीत तर गनपती पन उठत नाय. आमी दोघी होतो तवर त्याचं हसू यायचं. दोघीत एक अपमान अर्धा होतो. मग हिरा गेली. तापाचं निमित्त झालं, पंधरा दिसांत गेली, आनि मना कळंना, मी आता पाटावर बसायचं कशाला.

तेवढ्यात तुमी बायका आलात, तुमचं ते कलामंडळ, तू पन त्यातलीच. आजी, आमाला तुमचा धवला जपायचा हाय, कार्यक्रम ठेवलाय, गाडी पाठवतो. बरं वाटलं गो, खोटं कशाला बोलू. नवी साडी नेसली मी. पनवेलच्या त्या हॉलमधे मना खुर्चीवर बसवलं, पाठ टेकायला प्लॅस्टिकची पाठ, समोर माइक. तुमची ती गोड आवाजाची बाई सगळ्यांना बोलली, कृपया शांत राहा, मोबाईल बंद ठेवा, आजींचा आवाज नीट ऐकू द्या. आनि लोक काय शांत झाले! एवढी शांतता मी मयताला पन ऐकली नाय. मी गनपतीच्या आवतनाची ओळ टाकली. नि थांबली. कोनी झेलंना. मी समोर बघते, लोक माझ्याकडं बघतात. मग एकानं टाळी वाजवली, नि मग सगळ्यांनी. मी पुन्हा तीच ओळ टाकली. पुन्हा टाळ्या! कोनीतरी पानी घेऊन आलं, आजी, आठवत नाय काय? आराम करा जरा. शाल दिली, नारळ दिला. आता माझ्या कपाटात ही तिसरी शाल हाय, आनि आपल्याकडं थंडी कुठली? गाडीत बसल्यावर मना वाटलं, गनपती तिथं हॉलच्या दारात उभा हाय, चपलांपाशी.

तूच एकटी दुसऱ्या दिशी घरी आलीस. आजी, तुमी थांबलात का? मी सांगितलं तसं तू कपाळावर हात मारलास. आधी सांगायचं ना आजी! आता काय सांगू, धवला एकटीनं गायचा असतो असं कोनाला वाटंल, हेच मना ठाव नव्हतं. तुमाला वाटलं मी विसरली, मना वाटलं तुमाला माझा राग आलाय. हसलो किती आपन दोघी. लय दिसांनी हसली मी.

मग तू रविवारी येऊ लागलीस. मंडळानं समाजमंदिरात सतरंजी घातली, चहा ठेवला. पयल्यांदा बायका बऱ्याच आल्या, मग कोनाचा क्लास, कोनाची पाळी, कोनाची सासू. गावातल्या बायका बोलायच्या, म्हातारीनं शाळा काढली, आता गनवेस पन काढंल. शेवटी राहिलीस तू. आनि तुझा गळा म्हंजे, राग मानू नको माझे बाय, चढावर पयल्या गेरात रिक्षा जाते ना, तसा. तुना पन ठाव होतं. तू बोलायचीस, मी फक्त लिवून घेते आजी, गानार नाय. मी बोलली, लिव.

मग हिराच्या नातवाची हळद आली. मी पाटावर बसली, तू समोर मोबाईल धरून. हिराची सून, सुमन, भली बाई, पन घाईतली. बोलली, मोठी आय, उरकून घ्या, डीजेवाला खोळंबलाय. आधी देवांची आवतनं, मग पितरांची, त्या घरातलं जे गेलं त्या सगळ्यांना नाव घेऊन बोलवायचं, नि सगळ्यात अलीकडं गेलेलं मानूस शेवटी. देवांची नावं दोघी-तिघी म्हाताऱ्यांनी झेलली, तोंडपाठ असतात. सासऱ्याचं झेललं, सासूचं झेललं. मग मी टाकली, ये गो हिराबाय, नातवाच्या हळदीला ये. आनि कोनी झेलंना. त्या म्हाताऱ्यांनी पदर तोंडाला लावला, सुमन रडायला लागली, आनि तिकडनं डीजेवाला, हॅलो, हॅलो, चेक. सगळे पितर मांडवात, आनि हिरा तेवढी बाहेर राहनार? घर तिचं, नातू तिचा, नि तीच रस्त्यावर?

तवा माझ्या पाठीला गुडघा लागला.

मी वळून बघितलं नाय. मोबाईल गवतात पडलेला, आनि पाठीमागनं तुझा तो रिक्षावाला आवाज, ये गो हिराबाय. हिराचं नाव लांबवायचं तिथं तू तोडलंस, चाल तर पार खाडीत गेली. पन झेललंस. मग डीजे सुरू झाला नि सगळे उठले. त्या गोंधळात ती आत आली असंल, कोनाला दिसली नसंल. येताना मना दोन शिव्या पन दिल्या असतील.

तुझी मग ठान्याला बदली झाली. मंडळाचा दुसरा कार्यक्रम लागला. कोनाची चूक नाय गो. पोरगा-सून कामाला जातात, नातवंडं शाळेत, वरचे भाडेकरू आपलं दार लावून. दुपारी मी हितं बसते, नि सवयीनं एक ओळ टाकते. फ्रीज घुमतो, हायवे घुमतो, भिंत काय झेलत नाय. मग मी पुढं जात नाय. किती ओळी पडल्यात ह्या घरात, झाडू मारते रोज, पन त्या जात नाय.

चहा थंड झाला तुझा. उठू नको, बस, सांगायचं राहिलं ते सांगते. आता हिराच्या मागनं नाव माझंच हाय. ह्या घरात नातीचं लगीन होईल, सगळ्या पितरांना आवतन जाईल, नि शेवटी मना. तवा माझं नाव कोनीतरी टाकायला पायजे, आनि कोनीतरी झेलायला पायजे. तुझा गळा चालंल, मी काय नावं ठेवनार नाय, आत घेतलं की पुरे. पन तू एकटी काय करशील? सुखी राहा माझे बाय, पोटभर जेव, आनि आता दिवाळीपर्यंत थांबू नको, ह्याच रविवारी ये. आनि येताना अजून एकीला घेऊन ये.