एकच घर

नैरोबीत मटाटूच्या, म्हणजे छोट्या प्रवासी बसच्या, रांगेत तोंडाशी उभ्या दोन पोरांचं बोलणं मागे उभी न्याबोके ऐकत होती.

"किपटू, तुझं वेबपान का रखडतंय माहितेय? प्रत्येक नवं नाव अ‍ॅरेच्या, म्हणजे यादीच्या, पहिल्या जागी घुसवतोस. मग मागची हजारो नावं एकेक घर सरकतात."

"एकच घर ना, मुटिसो?"

"शेपटाला जोड की, शहाण्या!"

"नवं नाव वरच दिसायला हवं. नऊला साहेबांना दाखवायचंय, उशीर झाला तर नोकरी गेली."

"मग शेवटी एकदाच यादी उलटी कर."

"शिकवू नकोस." रांगेत पहिल्या उभ्या किपटूने नुकत्याच शेवटी आलेल्या एका म्हातारीला हाक मारली. "अहो मावशी, मागे कशाला? या, माझ्या पुढे उभ्या राहा!"

रांग कुरकुरत मागे सरकली. गाडी आली.

"एकच जागा!" कंडक्टर ओरडला. मावशी चढल्या, गाडी सुटली.

"अरे, थांब! माझे नऊ—" किपटू गाडीमागे धावला.

"एकच घर सरकलास ना, बाबा," न्याबोके म्हणाली.